विंडोज १० साठी ईएसयू: कोणी घ्यावं, कोणी नको

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतरही सुरक्षेचे अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना म्हणजे ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स). मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात विचारलंत तर ‘नवीन मशीनच घ्या’ हे उत्तर पटकन मिळतं. पण सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला पीसी टॅली, ईमेल, प्रिंटिंग अजून व्यवस्थित करतो. विंडोज ११ त्याला घेत नाही, कारण प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. घरी असं मशीन असेल तर ईएसयू जरूर घ्या.

मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. उशिरा नोंदणी केली तर मधले अपडेट मिळतात, मुदत मात्र वाढत नाही. किंमत ३० डॉलर किंवा तेवढे रुपये, वर कर. पीसीच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात सिंक केल्या (म्हणजे त्यांची ऑनलाइन प्रत ठेवली) किंवा १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट दिले तर फुकट. सिंकचा मार्ग घेताना डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरची खूण काढा, नाहीतर वनड्राइव्हची फुकटची ५ जीबी जागा लगेच भरते आणि मग जागा विकत घेण्याचा तगादा सुरू होतो. एका खात्यावर १० पीसी चालतात, म्हणजे घरातले सगळे एकातच निघतात.

नोंदणीचं ‘एनरोल नाऊ’ बटण दिसत नाही ही नेहमीची तक्रार. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ शोधून उघडा. तिथे २२एच२, बिल्ड १९०४५ हवं. जुनी आवृत्ती असेल तर आधी २२एच२ चढवा, राहिलेले सगळे अपडेट टाका, रीस्टार्ट करा आणि मग सेटिंग्जमधलं विंडोज अपडेटचं पान उघडा. नोंदणी करताना मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच, आणि तेही अ‍ॅडमिनच्या हक्कांचं. मुलांच्या खात्यावरून होत नाही. पैसे भरणाऱ्याला नंतर लोकल खात्यावर परतता येतं.

मिळतात ते फक्त सुरक्षेचे अपडेट. नवी सोय नाही, की अडचणीला मदत नाही. ‘डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) चालू आहे, मग हे कशाला?’ असं बरेच जण म्हणतात. डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार हे खरं, पण सिस्टिममधली फट त्या बुजवत नाहीत. ती बुजवणारे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा निघतात. बुधवारी अपडेट हिस्टरीत नोंद दिसली की काम झालं.

ऑफिसचं गणित वेगळं. डोमेनला, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला, जोडलेल्या पीसीवर घरगुती योजना चालत नाही. तिथे दर मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. नवीन मशीनची खरेदी टप्प्याटप्प्याने करायची असेल तर पहिलं वर्ष घ्या. पुढचे १२२ डॉलर आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकलेल्या जुन्या) पीसीत घाला, फक्त खरेदीआधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम २.०, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू करून बघा.