एटीडी की बीएफए? नाशिकमधून कलाशिक्षक व्हायचं असेल तर

‘चित्रकलेचा शिक्षक व्हायचंय, एटीडीला जाऊ की बीएफएला?’ बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न नाशिकमध्ये दरवर्षी विचारला जातो. त्यावर बहुतेक जण फी किती, वर्षं किती एवढंच सांगून मोकळे होतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: तुम्हाला शिकवायचं कुठे आहे? मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत, केंद्रीय विद्यालयात, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत की स्वतःच्या क्लासमध्ये? यातला प्रत्येक दरवाजा वेगळा कागद मागतो.

दोन्ही अभ्यासक्रम थोडक्यात असे. एटीडी म्हणजे कला शिक्षक पदविका. बारावीनंतर दोन वर्षं, राज्याच्या कला संचालनालयाच्या अखत्यारीतली. ती झाल्यावर आणखी एक वर्ष देऊन ए.एम., म्हणजे आर्ट मास्टर करता येतं. बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, ही चार वर्षांची विद्यापीठाची पदवी. पेंटिंग, अप्लाइड (उपयोजित कला), शिल्पकला अशा शाखा असतात आणि प्रवेशासाठी राज्याची एएसी सीईटी द्यावी लागते. पण बीएफएमध्ये शिकवायचं कसं हे कोणी शिकवत नाही. शिक्षक व्हायचं तर तिच्यापुढे वर्षभराचा डिप.ए.एड., म्हणजे कलाशिक्षणाचा डिप्लोमा जोडावा लागतो. म्हणजे तुलना खरं तर दोन वर्षं विरुद्ध पाच वर्षं अशी आहे. चार वर्षांचा हिशोब करून बसलेल्या पालकांना हे शेवटच्या वर्षी कळतं आणि मग घरात वाद होतात.

वर्गात नक्की काय चालतं

एटीडीचा सगळा रोख शाळेवर असतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, हस्तकला, शिवाय शिक्षणशास्त्र. पण या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे सराव पाठ. जवळच्या एखाद्या शाळेत सातवीचा वर्ग तुमच्या ताब्यात दिला जातो. हातात पाठ टाचण, समोर साठ पोरं, मागच्या बाकावर निरीक्षक. समजा पोळ्याचा बैल शिकवायचाय. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं हजेरी आणि ‘सर, पेन्सिल नाही’ यात जातात. खडू आडवा धरून एका फटक्यात पाठीची रेघ ओढायची, मग वशिंड, मग पाय, आणि प्रत्येक टप्प्याला थांबून मागे वळून बघायचं, कारण तुमची पाठ वर्गाकडे असताना मागे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. चित्र सुंदर झालं पण शेवटच्या रांगेतल्या मुलाला बैलाचे पुढचे पाय कुठून सुरू करायचे हे कळलं नाही, तर निरीक्षकाच्या वहीत तो पाठ फसलेला असतो. हे अंगवळणी पडायला दोन वर्षं लागतात आणि पुढे नोकरीत रोज हेच उपयोगी पडतं.

बीएफएचा वर्ग वेगळ्या जगातला. समोर मॉडेल बसलेलं, एका पोर्ट्रेटवर कित्येक दिवस काम, चुकलं की खरवडून पुन्हा. वर्षाअखेर सगळी कामं भिंतीला लावून परीक्षकांसमोर उभं राहायचं. कलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, रचना, माध्यमं यांची जी खोली इथे मिळते ती दोन वर्षांच्या पदविकेत मिळणं शक्य नाही. चांगला बीएफएवाला वर्गात येतो तेव्हा त्याच्याकडे मुलांना दाखवायला खूप काही असतं. अडचण एवढीच, की साठ मुलांच्या वर्गात त्यातलं पस्तीस मिनिटांत काय दाखवायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. डिप.ए.एड.चं वर्ष त्यासाठीच असतं. ते वर्ष ‘नुसता कागद’ म्हणून काढणारे पुढे वर्गात चाचपडताना दिसतात.

नाशिकमध्ये राहून की मुंबईला जाऊन

एटीडीसाठी नाशिक सोडायची गरज नाही. नाशिक कलानिकेतनसारखी जुनी संस्था शहरात आहे, इतरही कलामहाविद्यालयं आहेत. सराव पाठांना शाळा जवळ, निसर्गचित्राला गोदाघाट हाकेच्या अंतरावर. रामकुंडाच्या पायऱ्या, नारोशंकराचं देऊळ, सुंदरनारायणाचं शिखर, उन्हात चमकणारी तांब्या-पितळेची भांडी: जलरंग शिकायला याहून चांगली जागा मुंबईत सापडायची नाही.

बीएफएसाठी मात्र मुंबईचा मोह असतो आणि तो समजण्यासारखा आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं, आणि तिथे चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग १८९३ पासून. म्हणजे चित्रकार घडवणाऱ्या संस्थेतच ड्रॉइंग मास्तर घडवायची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशासाठी जुन्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका, त्यांची चालू वर्षाची सूचनाच वाचा. छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरलाही शासकीय कलामहाविद्यालयं आहेत, फी खासगीपेक्षा बरीच कमी असते. ‘पंचवटीने रोज ये-जा करेन’ असं म्हणणारा एक तरी मुलगा दरवर्षी भेटतो. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पासधारकांचं अख्खं गाव वसलेलं आहे हे खरं. पण एका बाजूचे साडेतीन तास, बगलेत ड्रॉइंग बोर्ड आणि रात्री घरी येऊन असाइनमेंट, हे चार वर्षं निभत नाही. मुंबईला जायचं तर राहण्याची सोय धरूनच खर्च काढा.

नोकरीचं खरं चित्र

अनुदानित माध्यमिक शाळेत कलाशिक्षकाचं पद विद्यार्थिसंख्येवर आणि संचमान्यतेवर, म्हणजे शाळेला सरकारने किती पदं मंजूर केली यावर ठरतं. शाळा छोटी असेल तर पद मिळत नाही, आणि मग चित्रकलेचा तास मराठीच्या बाईंच्या किंवा पीटीच्या सरांच्या गळ्यात पडतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायचा आहे. शब्द नीट वाचा: अंशकालीन. पूर्ण वेळ पगाराचा शिक्षक असा त्याचा अर्थ होत नाही. भरती पवित्र या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून होते, त्यासाठी शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, आणि लागल्यावर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावर. २०२३ मध्ये मानधन वाढलं तेव्हा माध्यमिकसाठी ते महिना १८,००० रुपये झालं. त्याआधी ८,००० होतं, म्हणजे परिस्थिती सुधारली आहे. पण कलेच्या जागा मुळात थोड्या निघतात, आणि निघाल्या तरी कधी निघतील याचा भरवसा नाही.

या रांगेत एटीडीवाला आणि बीएफए-डिप.ए.एड.वाला दोघेही उभे असतात. एटीडीवाला तीन वर्षं आधी येऊन उभा राहतो, हा त्याचा फायदा. फरक पडतो तो दुसऱ्या दारांशी.

देवळाली, ओझर, नाशिकरोडच्या केंद्रीय विद्यालयांत कलाशिक्षकाला दोन वर्षांची पदविका पुरत नाही. तिथे ललित कलेतली पदवी किंवा त्या तोडीची दीर्घ मुदतीची पदविका मागतात. नवोदय विद्यालयांचंही साधारण तसंच. नेमकी पात्रता आणि वयाची अट प्रत्येक जाहिरातीत बघावी, ती बदलत असते. पगार केंद्राच्या श्रेणीत, बदली मात्र देशात कुठेही. हे दार उघडं ठेवायचं असेल तर बीएफएला पर्याय नाही.

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यातल्या सीबीएसई आणि आयसीएसई शाळांचा खाक्या वेगळा. त्या प्रमाणपत्राइतकंच काम बघतात आणि इंग्रजीत वर्ग घेता येतो का हे तपासतात. नावापुढे बीएफए असलं की मुलाखतीला बोलावणं लवकर येतं. पगार शाळेगणिक बदलतो आणि घासाघीस होते. एक सांगून ठेवतो: कागदावर तुम्ही कलाशिक्षक असाल, प्रत्यक्षात स्नेहसंमेलनाचं स्टेज, १५ ऑगस्टचं फलकलेखन, प्रमाणपत्रांवरची सुबक नावं आणि प्रवेशाच्या मोसमातले बोर्ड हे सगळं तुमच्याच टेबलावर येणार. अनुदानित शाळेतही यातून सुटका नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या आश्रमशाळांकडे शहरातली मुलं सहसा वळत नाहीत. तिथे मुलं घरच्या भिंतीवर वारली चित्रं बघत वाढलेली असतात, हात तयार असतो. कायम नोकरीची खात्री देता येत नाही, पण शिकवायचा आनंद हवा असेल तर इकडे जरूर बघा.

क्लास काढायचा विचार असेल तर

इथे माझं झुकतं माप एटीडीकडे आहे. नाशिकमध्ये चित्रकलेचा क्लास चालतो तो मुख्यतः एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या सरकारी चित्रकला परीक्षांवर. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. या सात गुणांसाठी ज्या पालकांनी आयुष्यात कधी चित्राकडे बघितलं नाही तेही मुलाला क्लासला घालतात. या परीक्षांना लागणारं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन हे एटीडीवाल्याच्या हातात मुरलेलं असतं. बीएफए पेंटिंग झालेल्याला कर्तव्यभूमिती पुन्हा उघडून बसावी लागते. उलट, सीईटीची तयारी करून घ्यायचा क्लास काढायचा तर बीएफएवालाच हवा. त्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन आणि सामान्य ज्ञान असतं आणि ती स्वतः दिलेल्या माणसाला त्यातल्या खाचाखोचा ठाऊक असतात.

खर्च आणि माघारीचा रस्ता

फी तर आहेच, पण चटका बसतो तो साहित्याचा. एटीडीला पोस्टर कलर, कार्ट्रिज पेपर, ब्रश, बोर्ड यात बऱ्यापैकी भागतं. बीएफए पेंटिंगला ऑइल, कॅनव्हास आणि फ्रेम, अप्लाइडला चांगला लॅपटॉप. दर सत्राला हा खर्च उभा राहतो, आणि माहितीपत्रकात तो कुठेच लिहिलेला नसतो.

शिक्षक होता आलं नाही तर काय, हेही आत्ताच विचारात घ्या. बीएफए अप्लाइडवाला जाहिरात, पॅकेजिंग, ॲनिमेशनकडे वळू शकतो. एटीडीवाल्याला शाळा नाही मिळाली तर क्लास आणि किरकोळ ऑर्डरी, किंवा पुन्हा बारावीच्या पायावर उभं राहून पदवी. म्हणून एटीडीला जाणाऱ्याने सोबत मुक्त विद्यापीठातून बी.ए. सुरू ठेवता येतं का ते तपासावं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्या नाशकात आहे. ‘कुठलीही पदवी आणि बी.एड.’ असा तिसरा मार्गही कोणीतरी सुचवतं. त्याने तुम्ही भाषेचे किंवा इतिहासाचे शिक्षक व्हाल आणि चित्रकलेचा तास मिळाला तर उपकार म्हणून मिळेल.

माझा कौल

घरात दोन वर्षांनी पगार यायलाच हवा, मुलांमध्ये रमता, फळ्यासमोर उभं राहायला आवडतं: एटीडी करा, जमल्यास लगेच ए.एम. घरचे पाच वर्षं थांबू शकतात आणि स्वतःचं चित्र तुम्हाला सोडवत नाही: बीएफए, मग डिप.ए.एड. शंका असेल आणि पैसे बेताचे असतील, तर आधी एटीडी आणि नंतर बीएफए असा लांबचा रस्ताही लोक घेतात. वर्षं जास्त जातात, पण पहिल्या दोन वर्षांनंतर क्लासवर स्वतःचा खर्च निघायला लागतो.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात एकदा दुपारी जाऊन या, सकाळी नको. दुपारच्या वर्गात किती मुलं खरंच काम करताना दिसतात ते बघा. एटीडीला जात असाल तर सराव पाठ कोणत्या शाळांत होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात ते ऑफिसात न विचारता दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. बीएफएला जात असाल तर शेवटच्या वर्षाची भिंत बघायला मागा. आणि दोन्हीकडे अभ्यासक्रमाची शासनमान्यता, मंजूर जागा आणि मागच्या वर्षीची फीची पावती कोणाकडून तरी बघून घ्या.