टंच काढायला कोणता डिटेक्टर घ्यावा?

सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढणारं एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र (क्ष-किरण मारून धातूतून निघणारे किरण डिटेक्टरने मोजणारं) घेताना सराफ आधी किंमत विचारतात. माझ्या मते आधी विचारावं ते हे: आपल्याकडे येणाऱ्या दागिन्यांत कोणते धातू असतात आणि त्यांच्या रेषा, म्हणजे प्रत्येक धातूतून ठरलेल्या ऊर्जेचे निघणारे किरण, या यंत्राला वेगळ्या दिसतात का?

तांब्याची केआल्फा रेषा 8.05 केईव्हीला (किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक), जस्ताची 8.64 ला. इरिडियमची एलआल्फा 9.18 ला, सोन्याची 9.71 ला (केआल्फा, एलआल्फा ही त्या धातूंच्या ठळक रेषांची नावं). अंतर जेमतेम अर्ध्या केईव्हीचं. प्रपोर्शनल काउंटर या वायू भरलेल्या डिटेक्टरमध्ये इथली शिखरं, म्हणजे आलेखातले या रेषांचे उंचवटे, एक केईव्हीहून रुंद येतात, म्हणून सगळी मिळून एकच डोंगर दिसतो. त्यातून प्रत्येकाचा वाटा सॉफ्टवेअर गणिताने काढतं, आणि गणितात न धरलेला धातू आला तर त्याचा वाटा दुसऱ्याच्या नावावर पडतो. इरिडियमची भेसळ नेमकी इथे लपते.

सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर, म्हणजे एसडीडी, इथे सुमारे 150 ईव्ही (0.15 केईव्ही) रुंदीची शिखरं देतो. चारही सुटी दिसतात. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी (किरण मोजता येतो ती विद्युतभारांची जोडी) 3.6 ईव्हीत सुटते, वायूत एका आयनजोडीला त्याच्या सहा-सातपट ऊर्जा लागते. जोड्या जितक्या जास्त, तितका मोजणीतला चढउतार कमी आणि शिखर अरुंद.

काउंटरचीही बाजू आहे. तो स्वस्त पडतो, आणि झेनॉन भरलेला असेल तर जास्त ऊर्जेचे किरण चांगले पकडतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या एसडीडीतून 22 केईव्हीचे सुमारे दोन तृतीयांश किरण आरपार जातात. पण केडीएमचा, म्हणजे कॅडमियम घातलेल्या डाकाचा, सांधा तपासताना चांदी (22.16) आणि कॅडमियम (23.17) वेगळे करायचे असतात, आणि तिथे किरण कमी पकडले गेले तरी एसडीडीच कामाचा. ठरलेल्या कारागिराचं, ठरलेल्या मिश्रणाचंच सोनं येत असेल तर काउंटर पुरतो. लोकांचं जुनं सोनं घेणाऱ्याने मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

सिलिकॉन-पिन हा डिटेक्टर या दोहोंच्या मधला. रेषा बऱ्या वेगळ्या करतो, पण मोजणी संथ. स्फटिकाने तरंगलांबी निवडणारी यंत्रं याहून बारीक भेद करतात, पण त्यांना सपाट नमुना हवा. दागिन्यांसाठी ती नकोतच.

यांतलं कोणतंही यंत्र सोन्याच्या वरच्या काही मायक्रॉनपलीकडे पाहत नाही. जाड मुलाम्याचा संशय आला तर तुकडा भट्टीच्या परीक्षेलाच पाठवावा.

माहितीपत्रकातला रिझोल्यूशनचा, म्हणजे शिखराच्या रुंदीचा, आकडा मँगनीजच्या 5.9 केईव्हीच्या रेषेवरचा, बहुधा कमी मोजणी-वेगावरचा असतो. प्रात्यक्षिकाला जस्त आणि कॅडमियम असलेला आपला तुकडा न्या, रोजच्या वेगाने मोजायला लावा आणि टक्केवारीआधी वर्णपट, म्हणजे शिखरांचा आलेख, पडद्यावर मागा.