पाठवाऱ्यातला कोन आणि जीपीएस घड्याळ : हिडकलच्या पाण्यावरचा काही महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या सुरुवातीपासून थंडीपर्यंत मी नौकानयनाची सोय असलेले एक जीपीएस घड्याळ बेळगाव जिल्ह्यातील हिडकल धरणाच्या जलाशयावर, लेझर या एकाच शिडाच्या छोट्या बोटीत वापरले. पावसाळ्यात येथे वारा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे धरणाकडे परतताना तो जवळजवळ थेट पाठीवर असतो, आणि बोट सरळ धरणाच्या रोखाने न्यावी की थोडी बाजूला वळवून वेग मिळवावा, हा प्रश्न प्रत्येक फेरीत पडतो. घड्याळ त्यासाठीच घेतले होते.

पडद्यावर सर्वांत ठळक दिसतो तो वेग, पण पाठवाऱ्यात त्यावर विसंबू नये. बोट बाजूला वळवली की वेग बहुधा वाढतो, तसेच अंतरही वाढते : १० अंशांना जेमतेम दीड टक्का, २० अंशांना सुमारे साडेसहा, ३० अंशांना साडेपंधरा आणि ४० अंशांना तीस टक्क्यांहून थोडे अधिक. सरळ जाताना ३ नॉट (ताशी सागरी मैल) मिळत असतील, तर ३० अंशांवर साधारण साडेतीन नॉट मिळाल्याशिवाय वळणे परवडत नाही. म्हणून पाहायची ती व्हीएमजी, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने होणारी प्रत्यक्ष प्रगती.

येथेच या घड्याळाची मोठी उणीव आहे. ते व्हीएमजी मोजते, पण वाऱ्याच्या नव्हे, तर आपण नोंदवलेल्या ठिकाणाच्या दिशेने. बोट त्या ठिकाणाकडे वळवताच आकडा उसळतो, कारण आधीचा वेग अजून अंगात असतो. तो ओसरला की आकडाही उतरतो. शिवाय ठिकाण जवळ येऊन बाजूला पडू लागले की बोट उत्तम चालत असतानाही आकडा घसरतो. यावर मला लागू पडलेला उपाय असा, की नकाशावर वारा जाईल त्याच दिशेला, धरणाच्याही कितीतरी पलीकडे एक बिंदू नोंदवावा, एकेका कोनावर बोट बराच वेळ स्थिर ठेवावी आणि सरासरीच टिपून ठेवावी. वारा फिरला की बिंदू अर्थातच बदलावा लागतो.

अशा टिपणांतून दिसले ते असे : मंद वाऱ्यात बाजूला वळणे फायद्याचे ठरते, कारण सरळ जाताना शीड वाऱ्याला केवळ अडवते, तर थोडे वळल्यावर हवा शिडावरून वाहू लागते. वारा वाढला की हा फायदा कमी होत जातो. लेझरच्या डोलकाठीला बाजूंनी आधार देणारे ताणदोर नसल्याने बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, ९० अंशांपलीकडे सोडता येतो आणि हवा शिडाच्या मागच्या कडेकडून डोलकाठीकडे वाहू शकते, त्यामुळे ७.०६ चौरस मीटरच्या या एकाच शिडाला फार मोठे कोन लागत नाहीत. जेनेकर, म्हणजे पुढचे मोठे फुगीर शीड, लावणाऱ्या ट्वेंटीनाइनरसारख्या वेगवान बोटीला हे लागू नाही. तिला बरेच मोठे कोन घ्यावे लागतात.

वाऱ्याचा झोत आल्यावर बोट वाऱ्यासोबत अधिक सरळ न्यायची आणि झोत ओसरताच पुन्हा बाजूला वळवायची, हे काम मात्र घड्याळाकडून होत नाही, कारण आकडा उशिरा बदलतो. त्यासाठी मागे वळून पाण्यावर सरकत येणारा काळसर पट्टा पाहावा आणि मानेवरचा वारा ओळखावा.

पावसाचे थेंब पडले की स्पर्शाचा पडदा आपोआप पाने उलटतो; घ्यायचेच असेल तर बटणांचे घ्यावे.