फासे की संगणक : बेसबॉल सिम्युलेशनमध्ये नशीब आणि सातत्य

बेसबॉलचा हंगाम घरात बसून खेळायचा, तर एक मार्ग कार्डे आणि फाशांचा आहे आणि दुसरा संगणकावर संघ चालवण्याचा. दोन्हींत नशिबाला वाव आहे आणि खेळाडूच्या कुवतीलाही. नशीब नेमके कुठून आत शिरते, एवढेच निवड करणाऱ्याने पाहावे, असे मला वाटते.

हॅल रिचमन यांनी १९६१ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कार्डे-फाशांच्या खेळात तीन फासे पडतात. वेगळ्या रंगाच्या फाशावर १ ते ३ आले तर बॅटरचे (फलंदाजाचे) कार्ड वाचायचे, ४ ते ६ आले तर पिचरचे (चेंडू फेकणाऱ्याचे). उरलेल्या दोहोंची बेरीज कार्डावरची ओळ दाखवते, आणि काही ओळींवर वीस बाजूंचा फासा शेवटचा निकाल देतो. कार्डावरचे आकडे मात्र हंगामभर तेच राहतात.

पार्क मैदानावर क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या सोलापूरकरांना सुरुवातीला हे पचत नाही, कारण ०.३०० सरासरीचा उत्तम बॅटरही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो आणि ५०० अ‍ॅट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांमध्ये) निव्वळ योगायोगाने त्याची सरासरी ०.२८० पर्यंत घसरू शकते किंवा ०.३२० पर्यंत चढू शकते. साधारण तीनांतल्या एका हंगामात ती याही पल्ल्याच्या बाहेर जाते.

संगणकावर या चढउतारात आणखी एकाची भर पडते : खेळाडूचे गुणच वाढतात किंवा उतरतात, तेही काही अंशी यदृच्छेने. मला नेमके हेच जाचले. माझा ऐन उमेदीतला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जूनमध्ये थंड पडला, तेव्हा हा वाईट महिना आहे की त्याची कुवतच आतून ओसरली आहे, हे कळायला मार्ग नव्हता. त्यात स्काउटचा, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याचा, अहवालही अंदाजेच. हा बदल कमी करण्याची सोय असते, ती मी वापरून पाहिली, तर नवख्या पोरांचे भवितव्य पहिल्याच वर्षी वाचता येऊ लागले आणि गंमतच गेली.

फाशांवर हरलो, तरी कोणत्या ओळीने हरवले ते बोट ठेवून दाखवता येते. रंगीत फाशावर ५ पडले की आतेभाऊ न बोलता आपल्या पिचरचे कार्ड पुढे सरकवतो, आणि वाद तिथेच संपतो. (मे महिन्यात दुपारी वीज गेली तरी सामना थांबत नाही, हा वरकड फायदा.)

वीस-वीस वर्षे एकच क्लब घडवण्याची हौस असेल, तर संगणकाला पर्याय नाही, हे मान्य करायलाच हवे. हंगामातल्या १६२ सामन्यांची नोंद हाताने ठेवणे फारसे कोणाला जमत नाही. पण समोर खेळायला माणूस असेल, तर आधी फासे घ्यावेत आणि सात सामन्यांची मालिका लावावी. फक्त तेवढ्यावरून कोणता बॅटर सरस, हे ठरवू नये.