फोन गेला तरी चालेल, फोटो हवेत: बोर्डवरून डेटा काढून देणाऱ्या सेवेबद्दल

माझं काम मोबाइल दुरुस्तीचं. मी स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग जॅक बदलतो, फार तर एखादी फ्लेक्स (आतली लवचिक पट्टीची वायर). मायक्रोस्कोप माझ्या टेबलावरही आहे, पण सीपीयूच्या (फोनचा मेंदू असलेल्या चिपच्या) आसपास गरम हवेचा ब्लोअर धरायचा म्हटलं की मी हात आखडता घेतो. असे डेड फोन मी एका ताईंकडे कुरिअरने पाठवतो. त्या आणि त्यांचा एक सहकारी, दोघंच. बंद पडलेल्या फोनमधला डेटा काढायचा, एवढंच काम ते घेतात. माझ्या ग्राहकांचे बरेच बोर्ड (फोनमधली मुख्य सर्किटची पाटी) त्यांच्या हाताखालून गेले आहेत, तेव्हा अभिप्राय लिहायला हरकत नाही.

आधी एक सांगतो, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. इथून फोन दुरुस्त होऊन येत नाही. डेटा निघेपर्यंत बोर्ड चालू राहिला की त्यांचं काम संपलं. मग तो बोर्ड चिपांवरचे पत्र्याचे शिल्ड उघडलेला, तुटकी जागा जोडणारी जंपर तार लागलेला, वर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेला परत येतो. एका ग्राहकाने मला विचारलं, “एवढं सगळं केलं, तर कॅमेरापण चालू करून द्यायचा ना!” मला मात्र ताईंचं पटतं. फोटो कॉपी करायला कॅमेरा लागत नाही, स्पीकर लागत नाही, सिमला रेंजही लागत नाही. ज्याची गरज नाही त्यासाठी बोर्ड आणखी एकदा तापवायचा कशाला? प्रत्येक तापवणीत थोडा धोका असतोच.

त्यांचं काम कसं चालतं हे कळायला एक बोर्ड पुरे आहे. समुद्राच्या पाण्यात पडलेला आयफोन ११. मालकाने तो तांदळाच्या डब्यात ठेवला, मग चार्जरला लावून पाहिला, मग माझ्याकडे आणला. तांदूळ बोर्डवरचं मीठ काढत नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं, आणि बॅटरी जोडलेली असेल तर आतलं तांबं तासातासाला खाल्लं जातं. मी फोन उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवला आणि पुढचं काही न करता पाठवून दिला. ताईंचा आग्रहच तसा असतो: “दादा, तुम्ही फक्त बॅटरी सोडवा. धुऊ नका, गरम करू नका, ‘एकदा लावून बघू’ तर मुळीच नको.”

त्यांचा अहवाल आला की मी नीट वाचतो, कारण त्यात आकडे असतात. ‘बोर्ड शॉर्ट होता, काढला’ एवढ्यावर ते भागवत नाहीत. या बोर्डला ४ व्होल्टचा सप्लाय लावला, तर बटन दाबायच्या आधीच करंट २ अँपिअरच्या वर गेला. चांगला बोर्ड बटन दाबेपर्यंत जवळजवळ काहीच घेत नाही. म्हणजे बोर्डभर वीज पुरवणारी मेन लाइन थेट ग्राउंडला मिळालेली, यालाच शॉर्ट म्हणतात. आयफोन १० पासून बहुतेक मॉडेलमध्ये बोर्ड दोन मजली झाला, याचाही तसाच, म्हणून आधी दोन्ही मजले गरम करून वेगळे केले आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या) मशिनमध्ये धुतले. मग मेन लाइनवर जेमतेम १ व्होल्ट सोडून थर्मल कॅमेऱ्याखाली पाहिलं. मोहरीपेक्षाही बारीक एक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा पार्ट) तापताना दिसला. तो काढला. त्याच्या जागी नवा लावला नाही, आणि हे अहवालात कारणासकट लिहिलं होतं: त्या लाइनवर तसे अनेक कपॅसिटर समांतर जोडलेले असतात, डेटा निघेपर्यंत एकावाचून काही अडत नाही.

शॉर्ट निघाला, पण फोन उठेना. बटन दाबलं की करंट थोडा चढायचा आणि तिथेच अडकायचा. बरेच जण इथे ‘सीपीयू गेला, रिबॉल करून बघू’ (म्हणजे चिप काढून खालचं सोल्डर नव्याने लावू) म्हणून ब्लोअर उचलतात. या दोघांनी मल्टिमीटर डायोड मोडवर टाकला आणि चांगल्या बोर्डशी ताडत एकेक लाइन मोजत बसले. वीज वाटणाऱ्या चिपजवळच्या, म्हणजे पॉवर आयसीजवळच्या, एका आय-टू-सी लाइनवर (चिपा एकमेकींशी बोलतात ती लाइन) रीडिंगच नव्हतं. मिठाने रेझिस्टरचा पाय आणि खालचा पॅड (पार्ट सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) दोन्ही खाऊन टाकले होते. नवा रेझिस्टर बसवला, पॅडच्या जागी ०.०२ मिलिमीटरची तार ओढली, वर यूव्ही प्रकाशात घट्ट होणारा मास्क लावून ती पक्की केली. दोन्ही मजले परत सोल्डर न करता फिक्स्चरमध्ये दाबून बसवले आणि स्क्रीनवर ॲपलचं सफरचंद दिसलं. मायक्रोस्कोपखालचे फोटो सोबत होते. पॅडभोवती जळकी काजळी नाही, शेजारचे पार्ट हललेले नाहीत. हात चांगला आहे हे फोटोत लपत नाही.

“मेमरीची आयसी काढून दुसऱ्या मशिनवर वाचा की,” असं ग्राहक अजूनही सांगतात. जुन्या फोनमध्ये ते व्हायचं. ईएमएमसी (मेमरीची चिप) काढली, सॉकेटमध्ये ठेवली, फाइली समोर. पण २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह (किल्ल्या सांभाळणारा चिपमधला वेगळा भाग) आलं, आणि अँड्रॉइड १० घेऊन २०१९ पासून बाजारात आलेल्या नव्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. आता मेमरीत जे लिहिलेलं असतं ते कुलूपबंद असतं. किल्ली सीपीयूच्या आत कोरलेल्या गुप्त आकड्यातून आणि मालकाच्या पासकोडमधून तयार होते. मेमरी एकटी काढली तर हाती येते ती नुसती कचऱ्यासारखी अक्षरं. म्हणून तो बोर्ड, निदान तोच सीपीयू, जिवंत करावाच लागतो. बोर्ड पार तुटलेला असेल तर ताई मालकाचा सीपीयू, मेमरी आणि त्यांच्या जोडीची छोटी ईईप्रॉम (थोडीशी माहिती साठवणारी चिप) उचलून दुसऱ्या बोर्डवर बसवतात. कंपनीचं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्यात १३८ अंशांना वितळणारं बिस्मथचं सोल्डर मिसळलं की आयसी कमी उष्णतेत सुटते. हे काम त्या अगदी शेवटी काढतात, आणि ते योग्यच आहे.

सीपीयूलाच चीर गेली असेल तर त्या पहिल्याच तपासणीत नाही म्हणून सांगतात. गाडीखाली आलेला एक फोन असाच परत आला होता, चिरेच्या फोटोसकट. ग्राहक रडवेला झाला, पण खोट्या आशेवर आठवडे गेले नाहीत. फॅक्टरी रीसेट झालेला फोनही त्या घेत नाहीत, कारण रीसेटमध्ये किल्लीच पुसली जाते. सोल्डरिंग कितीही चांगलं असलं तरी ती परत येत नाही.

पासकोडच्या बाबतीत त्यांची पद्धत मला आवडली. तो फॉर्मवर लिहून घेत नाहीत. बोर्ड उठल्यावर थेट मालकाला फोन करतात आणि तेव्हाच विचारतात. बोर्डला नेहमी स्वतःकडचा चांगला डिस्प्ले लावतात. खराब टच कधी कधी आपोआप आकडे दाबत सुटतो, चुकीचे पासकोड साठत जातात आणि आयफोन स्वतःला बंद करून घेतो. एवढी मेहनत करून शेवटच्या पायरीवर घसरायचं! फोन रिकव्हरी मोडमध्ये अडकला असेल तर आधी फक्त ‘अपडेट’ करून पाहतात, कारण त्यात डेटा राहतो. ‘रिस्टोअर’ला हात लावत नाहीत.

आता तक्रारी. बोर्ड पोहोचला एवढा निरोप येतो, आणि मग शांतता. मेसेज टाकला तर उत्तर यायला दोन-दोन दिवस. इकडे ग्राहक माझ्या डोक्यावर बसलेला असतो. ‘टेबलावर आहे’ एवढे दोन शब्द पाठवले तरी चालतील. दुसरं, ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ हा त्यांचा नियम ऐकायला छान वाटतो, पण त्यामुळे आधी कुणी ब्लोअर मारून ठेवलेले किचकट बोर्ड त्या लवकर नाकारतात, असा माझा संशय आहे. तसा एक बोर्ड अहवालात दोनच ओळी लिहून परत आला होता. तपासणीचे पैसे घ्या, पण पूर्ण मोजून द्या, असं मी त्यांना सांगितलं. “बघू” म्हणाल्या. तिसरं किरकोळ आहे: काढलेले शिल्ड आणि स्क्रू एकाच पुडीत येतात, आणि कोणता स्क्रू कुठला ते जुळवण्यात माझा वेळ जातो.

पाचपैकी चार तारे. पाठवणार असाल तर बॅटरी सोडवून वेगळी ठेवा, ती कुरिअरमध्ये घालू नका. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. आणि आधी कुणीकुणी काय काय केलं ते कागदावर खरंखरं लिहून द्या. ताई पहिलं तेच विचारतात.