स्नो चेन, पाच महिने वापरून: रबर तुटलं, पण दोष आतल्या हुकाचा

लेक रीनोला शिकते, आम्ही सॅक्रामेंटोजवळ राहतो. त्यामुळे हिवाळ्यात डोनर समिट हा बर्फाचा घाट ओलांडल्याशिवाय तिची भेट होत नाही. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून टायरवर चेन चढवावी लागते. नोव्हेंबरात आमच्या कॅमरी गाडीसाठी केबलची, म्हणजे तारेची चेन घेतली, ७० डॉलरची जोडी. जाड कड्यांची घेतली नाही, कारण आमच्या गाडीला क्लास एस, म्हणजे कमी जागेत बसणारी बारीक चेन लागते. टायरच्या मागे जागा कमी आहे, जाड कडी आत घासते. इथवर काही तक्रार नाही.

डिसेंबरात आय-८० हायवेवर पहिल्यांदा आर-२ लागला, म्हणजे चेन चढवल्याशिवाय आमच्यासारख्या गाडीला पुढे सोडत नाहीत. रस्त्याकडेला बिल्ला लावलेले चेन बसवणारे उभे असतात, त्यांनी ४० डॉलर सांगितले. ७० ची चेन बसवायला ४० द्यायचे हे मला पटेना. जुनी चटई अंथरून मी स्वतःच बसले.

चेन टायरवर टाकणं सोपं आहे. बाहेरचा हूक लावणंही सोपं, दिसतो तरी. पण आधी लावायचा असतो तो आतला, टायरच्या मागचा. तिथे डोकं जात नाही, फक्त हात जातो. जाड हातमोजा घातला तर हूक कळत नाही, काढला तर दोन मिनिटांत बोटं बधिर. त्यात या चेनचे आतले आणि बाहेरचे हूक अगदी सारखे, दोन्ही करडे. कुठली बाजू आत जायची हे माहितीपत्रकातल्या अंगठ्याएवढ्या चित्रावरून ओळखायचं, आणि ते पत्रक बर्फात भिजून लगदा झालेलं. दोन चाकांना ४० मिनिटं लागली.

किंगव्हेलच्या पुढे गेल्यावर डाव्या चाकातून फटाक फटाक आवाज यायला लागला. थांबून पाहिलं तर बाहेरून ताण देणारं रबर तुटलेलं, आणि सुटलेल्या टोकाने चाकावरचं आतलं प्लास्टिक फाडलेलं. ते बदलायला गॅरेजने १८० डॉलर घेतले. म्हणजे मी ४० वाचवले आणि १८० घातले.

कंपनीला फोटोंसकट लिहिलं. उत्तर आलं की रबर हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत बसत नाही. रबरांची नवी जोडी १४ डॉलर, पाठवणावळ वेगळी. दुकानदार म्हणाला, वापरलेली चेन परत घेत नाही. तीन आठवडे मेलामेली केली आणि शेवटी रबर विकतच घेतलं. तेव्हा हा अनुभव लिहायला बसले होते आणि वर एकच चांदणी दिली होती.

तो मजकूर अर्धाच राहिला, आणि बरंच झालं, कारण फेब्रुवारीत माझं मत बदललं. तेव्हाही आर-२ होता. चेन चढवायच्या जागेत शेजारी एक मोठा ट्रक उभा होता आणि त्याचा पंजाबी ड्रायव्हर साखळ्या बसवत होता. ट्रकवाल्यांचं काम बघवत नाही. जोडचाकांवर टाकायच्या त्या साखळ्या उचलतानाच माणूस वाकतो, पुढच्या इंजिनवाल्या भागाची चाकं झाली की मागच्या ट्रेलरची राहिलेलीच असतात, आणि हे सगळं चिखलबर्फात आडवं पडून. तरी स्वतःचं झाल्यावर तो माझ्याकडे आला. टायरवर तळहात फिरवला आणि म्हणाला, "बहनजी, अंदर की तार मुड़ी हुई है."

त्याने मला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं. पुढचं चाक तिरकं झाल्यावर मागची बाजू हाताला मोकळी झाली आणि पहिल्यांदाच मला तो आतला हूक डोळ्यांनी दिसला. केबलला अर्धा पीळ बसलेला होता. त्यामुळे आतली बाजू सैल आणि सगळा ताण एकट्या बाहेरच्या रबरावर. पाव मैल जाऊन परत घट्ट करा, असं पत्रकात आहे आणि मी दर वेळी ते केलंही होतं, पण बाहेरचं रबर ताणून आतला पीळ कसा जाणार? त्याने चेन उतरवली, बर्फावर सरळ पसरली, एकेक आडवी तार बोटांनी मोकळी केली आणि मगच मला चढवायला दिली. पैसे विचारले तर हात जोडले. डब्यातल्या पुरणपोळ्या दिल्या, त्या घेतल्या.

म्हणजे रबरावर मी उगाच दोष टाकला होता. पण हुकाबद्दलचं माझं म्हणणं आता आणखी पक्कं झालं आहे. हॅरी वीडने टायरच्या साखळीचं पेटंट घेतलं ते १९०४ साली, न्यूयॉर्क राज्यात. त्याआधी लोक चाकांना दोर गुंडाळायचे. इतक्या वर्षांनीही आतला हूक आंधळेपणानेच लावायचा असेल, तर निदान त्याला रंग तरी द्या! घरी येऊन मी आतले दोन्ही हूक लाल नेलपॉलिशने रंगवले, तीन हात दिले. आता पसरतानाच लाल बाजू आत जाते आणि पीळ असला तर तिथेच दिसतो. मार्चमध्ये दोन्ही चाकं १२ मिनिटांत झाली. लोकरीच्या हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की हात कोरडे राहतात आणि हूकही कळतो.

पकडीबद्दल बोलायचं तर ताशी ३० मैलांच्या आत गाडी चढावर जराही घसरली नाही. त्याहून वेगात नेऊ नका, आणि डांबर उघडं दिसलं की योग्य जागी थांबून लगेच उतरवा. कोरड्या रस्त्यावर चेन बघता बघता झिजते.

ओळखीतले विचारतात, आमची ऑल व्हील ड्राइव्ह आहे, इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो, आम्हाला चेन कशाला? चारही चाकांना स्नो टायर असतील तर आर-२ ला चढवावी लागत नाही, पण चेन गाडीत असावीच लागते. त्याहून कडक आर-३ ला तर कोणालाच सूट नाही. अर्थात तोवर बहुतेक वेळा रस्ताच बंद करतात.

प्रत्येक फेरीनंतर मी चेन गरम पाण्याने धुते आणि दोरीवर वाळवते. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ केबलच्या तारांत बसतं. डिसेंबरात ओलीच पिशवीत भरली होती, तिथे गंजाचा डाग आहे.

आता चार चांदण्या देते. पाचवी त्या हुकासाठी राखून ठेवली आहे. आतले हूक लाल करून विका, एवढंच कंपनीला पुन्हा लिहिलं आहे, रंगवलेल्या हुकांचा फोटोही जोडला आहे. उत्तर आलं की इथे टाकेन.