यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रियेतला व्हॅस्क्युलर स्टेपलर : शिरेसाठी उत्तम, गाभ्यासाठी बेताचा

यकृताच्या आठ विभागांपैकी तीन किंवा अधिक विभाग काढायचे असतात, तेव्हा उजवी यकृतशिरा बंद करण्याचा टप्पा फार जोखमीचा असतो. कारण ही शिरा रुंद, पातळ भिंतीची आणि थेट अधोमहाशिरेला (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेला) मिळणारी असते, त्यामुळे तिथला चिमटा निसटला तर रक्त तर जातेच, शिवाय आत हवा शिरण्याची भीती असते. व्हॅस्क्युलर स्टेपलर म्हणजे रक्तवाहिनी जबड्यात धरून दोन्ही बाजूंना पिना मारणारे आणि मधून कापणारे यंत्र. पांढऱ्या कार्ट्रिजच्या (पिनांच्या डबीच्या) स्टेपलरमध्ये अडीच मिलिमीटरच्या पिना मिटून सुमारे एक मिलिमीटरच्या होतात, मधून पाते फिरते आणि दोन्ही तोंडे एकदमच बंद होतात. या कामासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

यकृताचा गाभा, म्हणजे त्याचा मांसल भाग, कापताना मात्र माझा उत्साह ओसरतो. हायडेलबर्गच्या १३० रुग्णांच्या चाचणीत (२०१४) स्टेपलरने काम लवकर उरकले, पण चिमट्याने चिरडून कापण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा शस्त्रक्रियेतला एकूण रक्तस्राव लक्षणीय कमी झाला नाही. रक्त वाचते ते यकृताकडे येणारा प्रवाह दाबून धरण्याच्या शल्यविशारद प्रिंगल यांच्या युक्तीने आणि भूलतज्ज्ञाने शिरादाब उतरता ठेवल्याने. (प्रिंगल यांचा निबंध आणि बुडापेस्टचे शल्यविशारद ह्युल्टल यांचा पहिला, उचलायलाही जड असा स्टेपलर, दोन्ही १९०८ चेच!)

अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) २०११ ते मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरबाबत ४१ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, त्यांत ३६६ मृत्यू होते. हा आकडा सर्व अवयवांचा आहे, एकट्या यकृताचा नव्हे. तरीही तो वाचल्यावर जबडा मिटण्यापूर्वी मी टोक पलीकडे दिसते का, हे पुन्हा पाहतो. आमच्या टेबलावर एकदा आधी लावलेली धातूची क्लिप जबड्यात आली आणि पाते अर्ध्यावर अडकले. शिरेभोवती फीत आधीच फिरवून ठेवली होती, म्हणून तिच्या आधाराने चिमटा लावून निभावले. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

पित्तनलिकेसाठी मी तो टाळतो, कारण यकृताच्या मुखाशी जबडा थोडा जरी डावीकडे सरकला, तरी उरलेल्या भागाची नलिका आवळली जाऊ शकते. शिवाय कार्ट्रिज एकदाच वापरता येते, त्यामुळे नुसत्या गाभ्यासाठी पाच-सहा फायर केले (तितक्या वेळा नवी कार्ट्रिज लावून स्टेपलर चालवला), की तो सगळा खर्च रुग्णाच्या बिलावर चढतो.